आईच्या पोटातला दाब आणि आमची वही

आईच्या प्लेटलेट्स कमी आल्या तेव्हा कऱ्हाडकडे डेंग्यूची साथ होती, त्यामुळे त्या ८० हजारांच्या आकड्याचा कुणी वेगळा विचार केला नाही. ताप आला, उतरला. पपईच्या पानांचा रस झाला, किवी झाली, गावातल्या प्रत्येकाने एकेक उपाय सुचवला. पुढे पुन्हा रक्त तपासलं तर आकडा होता तिथंच. मग एका फिजिशियननी आईला आडवं झोपवलं, डाव्या बरगडीखाली बोटं ठेवली आणि "मोठा श्वास घ्या मावशी" म्हणाले. प्लीहा हाताला लागत होती. मोठ्या माणसात सहसा ती लागत नाही. वाढलेली प्लीहा प्लेटलेट्स स्वतःकडे अडकवून ठेवते, आणि ती वाढण्याचं कारण पुष्कळदा लिव्हरमध्ये असतं, एवढं त्यांनी तिथंच सांगितलं आणि सोनोग्राफी लिहून दिली.

सोनोग्राफीत लिव्हर आकसलेलं आणि कडा खडबडीत दिसल्या, प्लीहा साडेपंधरा सेंटीमीटर, आतड्यांकडून लिव्हरकडे रक्त नेणारी पोर्टल शीर रुंदावलेली. पुण्यात माझ्याकडे आणून लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवलं. हेपटायटिस बी नाही, सी नाही. वीसेक वर्षांचा मधुमेह आणि जुन्या रिपोर्टांत दरवेळी एका ओळीत लिहिलेलं 'फॅटी लिव्हर'. ती ओळ आम्हाला कुणी कधी समजावून सांगितली नव्हती. तिचाच पुढे सिरॉसिस झाला होता, म्हणजे लिव्हर वण पडून कठीण झालं होतं, आणि त्यामुळे पोटातल्या शिरांमधला दाब वाढला होता.

नातेवाइकांत एक प्रश्न फिरत राहिला: दारू न पिता लिव्हर कसं जाईल? माझी आई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी जमेल तेवढी वारी. तिच्याबद्दल हे कुजबुजून विचारलं जायचं तेव्हा माझा जीव जळायचा. दारू हे सिरॉसिसचं एक मोठं कारण आहे, पण मधुमेह आणि लठ्ठपणासोबत येणारी लिव्हरमधली चरबी, हेपटायटिस बी आणि सी हीसुद्धा तितकीच खरी कारणं आहेत. शिवाय भारतात पोर्टल शिरेत गुठळी होऊन लहान मुलांनाही पोटातला दाब वाढण्याचा हाच त्रास होतो, तेही लिव्हर जवळपास निरोगी असताना. म्हणून हे लिहिताना आधी तेच सांगते.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. जठर, आतडी, प्लीहा, स्वादुपिंड यांच्यातून निघालेलं रक्त सरळ हृदयाकडे जात नाही. ते पोर्टल शिरेत गोळा होऊन आधी लिव्हरमध्ये शिरतं. लिव्हरला मिळणाऱ्या एकूण रक्तातलं सुमारे तीन चतुर्थांश याच शिरेतून येतं. लिव्हर वण पडून कठीण झालं की रक्ताला आत शिरायला जागा उरत नाही आणि मागे दाब वाढतो. हेच पोर्टल हायपरटेन्शन. आई ते चित्र बघून म्हणाली, "म्हंजे पाटाला गाळ धरला की पाणी बांध फोडून भलतीकडंच शिरतंय, तसंच की." डॉक्टर म्हणाले, अगदी तसंच. आडवाटांनी गेलेलं ते रक्त अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या आणि जठराच्या बारीक शिरांमध्ये शिरतं. त्या शिरा एवढं रक्त वाहायला केलेल्याच नाहीत. त्या फुगतात, वेड्यावाकड्या होतात, पातळ पडतात. त्यांना व्हेरिसेस म्हणतात, आणि त्या फुटणं हा या आजारातला सगळ्यात मोठा धोका.

हा दाब दंडाला पट्टा बांधून मोजता येत नाही. आईचं बीपी उलट कमीच असायचं, १०४, १०६ असं. पोटातला दाब मोजायला मानेतल्या शिरेतून बारीक नळी लिव्हरच्या शिरेपर्यंत न्यावी लागते. तिथे लिव्हरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक बघतात. निरोगी माणसात हा फरक पाऱ्याच्या १ ते ५ मिलिमीटर एवढाच असतो. १० च्या वर गेला की पोटात पाणी, व्हेरिसेस यांची शक्यता सुरू होते, १२ च्या वर रक्तस्रावाची. किती लहान आकडे आहेत हे! १२० आणि ८० ऐकायची सवय असलेल्या माणसाला ५ आणि १२ मधलं अंतर काहीच वाटत नाही. ही तपासणी मोजक्या ठिकाणी होते आणि प्रत्येकाला लागतही नाही. आईचं फायब्रोस्कॅन केलं. त्यात लिव्हरचा कठीणपणा ३४ किलोपास्कल आला. इटलीतल्या बावेनो या गावाच्या नावाने या आजाराच्या तज्ज्ञांच्या परिषदा भरतात. २०२१ च्या सातव्या परिषदेने ठरवलेल्या निकषांप्रमाणे २५ च्या वरचा आकडा बहुतेक रुग्णांत पोटातला दाब १० च्या पुढे गेल्याचं सांगायला पुरेसा असतो. त्यात प्लेटलेट्स कमी, प्लीहा मोठी. शंकेला जागा नव्हती. दुर्बिणीने बघितलं तर अन्ननलिकेत मोठ्या व्हेरिसेस होत्या.

पहिलं औषध लिहिलं ते कार्व्हेडिलॉल. मी घरी येऊन नेटवर बघितलं: बीपीची आणि हृदयाची गोळी. आईचं बीपी आधीच कमी, मग ही कशाला? पुढच्या भेटीत मी हा प्रश्न वहीत लिहून नेला होता. डॉक्टरांनी दिलेलं उत्तर मला या सगळ्या आजाराची किल्ली वाटतं.

दाब दोन बाजूंनी वाढतो. एक, लिव्हरमधला अडथळा. दुसरं, पोटातल्या रक्तवाहिन्या या आजारात सैलावतात आणि आतड्यांकडे नेहमीपेक्षा जास्त रक्त येऊ लागतं. म्हणजे निचरा कमी आणि आवक जास्त. लिव्हरचे वण गोळीने पुसता येत नाहीत, पण आवक कमी करता येते. प्रोप्रॅनोलॉल, कार्व्हेडिलॉल ही औषधं हृदयाचा वेग थोडा कमी करतात आणि पोटातल्या रक्तवाहिन्या आकसवतात. कार्व्हेडिलॉल याशिवाय लिव्हरमधला अडथळाही थोडा सैल करतं, म्हणून हल्ली त्याला पहिली पसंती असते. १९८० च्या सुमारास फ्रान्समध्ये दिदिए लेब्रेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोप्रॅनोलॉलने हा दाब उतरतो हे दाखवलं, तेव्हापासून ही औषधं या आजारात वापरात आहेत. हृदयाची गोळी पोटासाठी हे ऐकायला विचित्र वाटतं, पण ती अपघाताने पडलेली प्रथा नाही.

सुरुवात ३.१२५ मिलिग्रॅमने झाली, कारण बीपी कमी. आधी दम्याबद्दल विचारलं, कारण दमा असलेल्यांना ही औषधं त्रास देऊ शकतात. हळूहळू ६.२५ आणि जमलं तर १२.५ पर्यंत जायचं होतं, आणि किती जमतंय हे घरातच बघायचं होतं. सकाळी उठल्यावर नाडी, मग बीपी. नाडी ५५ च्या खाली गेली किंवा वरचं बीपी ९० च्या खाली गेलं तर फोन करायचा, स्वतःहून गोळी एकदम बंद करायची नाही. मधुमेह असल्यामुळे आणखी एक सूचना होती: साखर उतरली की एरवी छाती धडधडते, हात थरथरतात, पण या गोळीने ती लक्षणं झाकली जातात. घाम मात्र येतो. त्यामुळे अंगाला कारण नसताना घाम फुटला तर आधी साखर तपासायची. वहिनीने हे वाक्य कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं.

वही तेव्हापासूनची. शाळेची दोनशे पानी, वहिनीने पट्टीने रेघा मारलेली. आधी दोनच रकाने होते.

गोळी रक्तस्रावाची शक्यता बरीच कमी करते, शून्य करत नाही. थंडीतल्या एका रात्री वहिनीचा फोन आला, "ताई, आईंना डांबरासारखी काळी संडास झालीय, चिकट आणि वास फार आहे." लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण आईला लोह चालू नव्हतं. आम्हाला सांगून ठेवलेलं होतं: काळी, चिकट, दुर्गंधी असेल तर ते रक्त, सकाळची वाट बघायची नाही. भाऊ तिला घेऊन लगेच निघाला. वाटेत रक्ताची उलटी झाली. रक्त किती होतं हे त्याने मला फार नंतर सांगितलं.

हॉस्पिटलच्या दारात त्याने फाईलचं पहिलं पान पुढे केलं. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: सिरॉसिस, पोर्टल हायपरटेन्शन, मोठ्या व्हेरिसेस, कार्व्हेडिलॉल ६.२५, मधुमेह. रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरांनी ते वाचलं आणि दुर्बिणीची वाट न बघता टेर्लिप्रेसिनचं इंजेक्शन सुरू केलं. हे औषध पोटातल्या रक्तवाहिन्या घट्ट आवळतं, आवक झटकन कमी होते. ऑक्ट्रिओटाइडही याच कामाला वापरतात. अशा वेळी निदान आधीच माहीत असणं किती मोलाचं! ज्याला हा आजार आहे हेच ठाऊक नाही, त्याची रक्ताची उलटी ॲसिडिटी किंवा अल्सर समजून तेवढ्याचंच इंजेक्शन दिलं जाऊ शकतं, आणि त्याने पोर्टल शिरेतला दाब उतरत नाही. टेर्लिप्रेसिनने आईच्या पोटात कळा आल्या, बोटं पांढरी पडली. ते अपेक्षित होतं, म्हणून ऑक्सिजन, ईसीजी आणि सोडियम यांवर लक्ष होतं.

सोबत अँटिबायोटिक लावलं, सेफ्ट्रिॲक्झोन, रोज एक ग्रॅम. ताप नसताना ते कशाला, असं मामांनी विचारलं. अशा रक्तस्रावात आतड्यातले जंतू सहज रक्तात शिरतात, आणि संसर्ग झाला की पुन्हा रक्तस्राव होण्याची आणि माणूस दगावण्याचीही भीती वाढते. त्यामुळे हे औषध उपचाराचाच भाग आहे.

पण खरा वाद झाला तो रक्ताच्या पिशव्यांवरून. हिमोग्लोबिन ६.८ वर आलं होतं. मामांनी गावातून रक्तदाते गोळा करून आणले होते, पोरं रक्तपेढीबाहेर उभी होती. डॉक्टरांनी एक पिशवी दिली, हिमोग्लोबिन ७ च्या पुढे सरकलं, आणि त्यांनी हात आखडता घेतला. "एवढं रक्त गेलंय, भरून काढायला नको का?" मामांचा आवाज चढला. त्या डॉक्टरांनी, रात्रीचे दोन वाजलेले असताना, खुर्ची ओढून त्यांना समजावलं. रक्त भराभर चढवलं की पोर्टल शिरेतला दाबही चढतो आणि बंद होत आलेली जागा पुन्हा फुटते. म्हणून ७ ते ८ एवढंच ठेवायचं. २०१३ मध्ये बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी असाच अभ्यास प्रसिद्ध केला होता, त्यात रक्त हात राखून दिलेल्या गटातले जास्त रुग्ण वाचले होते. प्लेटलेट्स आणि प्लाझ्माही त्यांनी केवळ आकडा सुधारायला म्हणून दिला नाही. मामा गप्प झाले. त्या डॉक्टरांचे मी आजही मनोमन आभार मानते. नातेवाइकांच्या दबावाखाली आणखी दोन पिशव्या चढवणं त्यांना सोपं होतं.

बारा तासांच्या आत दुर्बिणीने बघायचं असतं. सकाळी सातच्या सुमारास आत घेतलं. नंतर त्यांनी मला चित्रफीत दाखवली. दुर्बिणीच्या टोकाला पारदर्शक टोपी, तिच्यावर बारीक रबरी कडी चढवलेली. फुगलेली निळसर शीर टोपीत ओढून घेतात आणि कडी सोडतात. शिरेचा तो भाग आवळला जातो, सुकतो आणि काही दिवसांत गळून पडतो. चार-पाच कडी लावली. ती गळतात तिथे छोटा व्रण राहतो, तोही रक्त टाकू शकतो, म्हणून आधी गार दूध, मग मऊ भात आणि पेज असं खाणं वाढवत नेलं. टेर्लिप्रेसिन पुढे काही दिवस चालू राहिलं.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "कडीने ती शीर बंद झाली. दाब आहे तेवढाच आहे." म्हणून दोन्ही लागतं: दर दोन-चार आठवड्यांनी शिरा नाहीशा होईपर्यंत बँडिंग, आणि दाबासाठी कार्व्हेडिलॉल. बँडिंग झालं म्हणून गोळी सोडणारे रुग्ण त्यांनी पाहिले होते, आणि त्यातले काही पुन्हा उलटी घेऊनच आले होते.

पुढच्या उन्हाळ्यात आईचं पोट वाढू लागलं. लोक म्हणाले, तब्येत सुधारली. हात मात्र काटकुळे झाले होते. पोटात पाणी होतं, जलोदर. लघवीच्या गोळ्या सुरू झाल्या, स्पायरोनोलॅक्टोन आणि फ्युरोसेमाइड, आणि वहीत तिसरा रकाना आला: वजन. सकाळी शौचाहून आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर. आई नऊवारी नेसते, आणि नऊवारीचंच वजन एवढं की दोन दिवसांच्या नोंदी जुळेनात. मग वहिनीने वजनापुरता एकच गाऊन ठरवून टाकला. पायावर सूज नसेल तर दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरू नये, सूज असेल तर एक किलोपर्यंत चालतं. भराभर उतरलं तर पाणी पोटातलं जात नाही, रक्तातलं जातं, आणि किडनीला फटका बसतो. म्हणजे या गोळ्यांचाही खरा डोस आमच्या वजनकाट्यावरच ठरत होता. डॉक्टर वजनाचा रकाना बघायचे, मग सोडियम, पोटॅशियम, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन, आणि मग गोळी अर्धी वाढवायची की कमी करायची ते सांगायचे.

आणि मीठ. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, सगळं धरून. यावर आमच्या स्वयंपाकघराने जेवढी मेहनत घेतली तेवढी कशावरच घेतली नसेल. वहिनी भाजी-आमटी मीठ घालायच्या आधी आईची वाटी वेगळी काढायची. दिवसाचं मीठ सकाळीच एका छोट्या डबीत मोजून ठेवायची आणि आई ते ताटात वरून भुरभुरायची. वरून टाकलेलं मीठ जिभेला आधी लागतं, त्यामुळे थोड्यात चव येते, हे वहिनीचं स्वतःचं निरीक्षण. लसूण, आमसूल, लिंबू, मिरपूड, जिरं यांचा हात सढळ झाला. लोणचं, पापड, कुरडई, सांडगी मिरची, फरसाण, खारी बंद. आईला सगळ्यात जड गेला तो ठेचा. बिनमिठाचा ठेचा तिने एकदा जिभेवर ठेवला आणि वाटी बाजूला सारली. मग डाळिंबाचे दाणे आणि भाजलेलं जिरं घालून केलेली चटणी तिला पटली.

दोन गोष्टी इथे ठासून सांगते, कारण घरोघरी हाच गैरसमज दिसतो. सैंधव हेही मीठच आहे. उपासाला चालतं म्हणून या आजाराला चालत नाही, त्यातही सोडियमच असतं. आणि बाजारात 'कमी सोडियम' म्हणून मिळणारं मीठ स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याने वापरू नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, ही गोळी मुळात पोटॅशियम अंगात साठवते, आणि पोटॅशियम फार चढलं तर हृदयाची लय बिघडते. पोट जड झालं की फसफसणारं ॲसिडिटीचं चूर्ण पाण्यात टाकून प्यायची आमच्याकडे सवय आहे, त्यातही सोडियम भरपूर. पण मीठ इतकंही तोडायचं नाही की जेवण तोंडाला नको होईल. खाणं कमी झालं की आधी स्नायू झिजतात, ते नुकसान जास्त मोठं.

गुडघा दुखायचा म्हणून शेजारच्या काकूंनी प्रेमाने दिलेली दुखण्याची गोळी आईने तीन-चार दिवस घेतली. लघवी कमी झाली, क्रिएटिनिन १.९ वर गेलं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या या आजारात किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. लघवीच्या गोळ्या थांबवून, कार्व्हेडिलॉल काही दिवस बंद ठेवून, शिरेतून अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन देऊन ते सावरलं. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, दिवसाला दोन ग्रॅमच्या आत, एवढीच परवानगी आहे. गुळवेलीचा काढाही डॉक्टरांनी बंद करायला सांगितला. कोरोनाच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये मांडलं होतं.

त्याच काळात एकदा पोटातलं पाणी सुईने काढावं लागलं, सहा लिटर. पाच लिटरच्या वर काढलं की प्रत्येक लिटरमागे सहा ते आठ ग्रॅम अल्ब्युमिन द्यावं लागतं, नाहीतर रक्ताभिसरण ढासळतं. बाटल्या महाग असतात, तरी त्या टाळायच्या नाहीत. काढलेल्या पाण्याचा नमुना तपासायला जातो. त्यात संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी २५० च्या पुढे असतील तर संसर्ग धरून लगेच उपचार सुरू होतात. आईच्या पाण्यात तेवढ्या नव्हत्या.

चौथा रकाना आईच्या रांगोळीमुळे आला. ती रोज उंबऱ्याबाहेर ठिपक्यांची रांगोळी काढते, सात ते चार असली साधी. एका सकाळी वहिनीने मला फोटो पाठवला. ठिपके ओळीत होते, पण रेघा भलत्याच ठिपक्यांना जोडलेल्या, एक पाकळी अर्धीच. विचारलं तर आई म्हणाली, "काढली की नीट." दोन दिवस ती दुपारी झोपत होती आणि रात्री टक्क जागी राहत होती. पोट साफ झालं नव्हतं. मी फोटो तसाच डॉक्टरांना पाठवला. त्यांनी विचारलं, हात पुढे करून पंजा वर धरला तर फडफडतो का? फडफडत होता. पोर्टल शिरेतलं रक्त लिव्हरला टाळून आडवाटांनी पुढे गेलं की आतड्यात तयार झालेला अमोनिया न गाळताच मेंदूपर्यंत जातो. डॉक्टर याची पहिली चाहूल ओळखायला कागदावरचे आकडे क्रमाने जोडायला लावतात. आई तेच काम रोज अंगणात करत होती.

लॅक्ट्युलोजचं गोड औषध सुरू झालं. चिठ्ठीवर लिहिलं होतं ३० मिली, पण तोंडी सूचना ही की रोज दोन ते तीन वेळा मऊ शौच होईल एवढं. कमी झालं तर वाढवा, पाण्यासारखं होऊ लागलं तर कमी करा, कारण जुलाबाने अंगातलं पाणी गेलं की तीच गुंगी परत येते. आईला हे वहीत लिहायला फार संकोच वाटायचा. वहिनीने रकान्यावर 'तुळस' असं नाव लिहिलं आणि आई सकाळ-संध्याकाळ तिथे स्वतः टिंब काढू लागली. पुढे रिफॅक्झिमिन हे आतड्यातल्या जंतूंवरचं अँटिबायोटिकही जोडलं, ५५० मिलिग्रॅम दोन वेळा. झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी मात्र कुणी सांगितलं तरी द्यायची नाही.

गुंगी आली की डाळी बंद करा, असं पूर्वी सांगत. आजही काही जण सांगतात. आमच्या आहारतज्ज्ञांनी ते साफ खोडून काढलं. रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत, कारण लिव्हर थकल्यावर अमोनिया पचवायचं बरंचसं काम स्नायू करतात. मूग, दूध, पनीर, दही, दाणे चालू राहिले. उपाशी राहणं मात्र पूर्ण वर्ज्य. या रुग्णाला एका रात्रीचा उपास निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासाएवढा पडतो, शरीर रात्रीतून स्नायू मोडायला लागतं. म्हणून झोपताना खायचं.

आणि एकादशी? आईने आयुष्यभर एकादशी सोडली नव्हती. तिला सोड म्हणणं मला जमलं नसतं. डॉक्टरांनीच मार्ग काढला: उपास असू द्या, उपाशी राहू नका. दर तीन तासांनी काहीतरी, राजगिऱ्याचे लाडू, दूध, बिनमिठाची भगर, उकडलेलं रताळं, आणि गोळ्या वेळेवर. रताळ्यात पोटॅशियम असतं म्हणून ते थोडंच. तिने कीर्तनकार महाराजांनाही विचारून घेतलं, त्यांनी औषधाला आणि आहाराला मोकळी परवानगी दिली. रोज रात्री साडेनऊला वहिनी तिला वाटीभर दूध-पोळी देते.

आता व्हेरिसेस नाहीशा झाल्या आहेत, पण त्या परत येऊ शकतात, म्हणून वरचेवर दुर्बीण असतेच. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी ही लिव्हरच्या कॅन्सरची चाहूल देणारी रक्ततपासणी, कारण सिरॉसिसमध्ये लिव्हरच्या कॅन्सरचा धोका असतो. लशी घेऊन झाल्या. पुण्याच्या भेटीत डॉक्टर आधी वही उघडतात, रिपोर्ट नंतर. मागे एकदा नाडी रोज ७८, ८० लिहिलेली बघून त्यांनी विचारलं, "गोळी चुकतेय का?" चुकत नव्हती, डोस वाढवायला जागा होती. एकदा बीपी ८८ वर आलेलं बघून त्यांनी अर्धी केली. तेव्हापासून आई स्वतः नाडी मोजायला शिकली आहे. भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत मनात मोजते आणि मध्ये कुणी बोललं तर हात वर करून थांबवते.

लिव्हरमधून जाळीची नळी बसवून रक्ताला वाट करून देतात, ती टिप्सची प्रक्रिया आम्ही समजून घेतली. तिने दाब उतरतो, पण गाळणी टाळून जाणारं रक्तही वाढतं. आईला आधीच गुंगीचा त्रास, म्हणून तूर्त नको असं ठरलं. प्रत्यारोपणाबद्दल बोलणं सुरू आहे. आई एकसष्ट वर्षांची आहे, हृदय चांगलं आहे, डॉक्टर म्हणतात विचार करण्यासारखं आहे. भावाने लगेच स्वतःची तपासणी करून घेतली. रक्तगट जुळला. सोनोग्राफीत त्याच्या लिव्हरमध्ये चरबी निघाली, आणि साखरही काठावर. एवढी चरबी असताना त्याचं लिव्हर घेता येणार नाही, आधी वजन उतरवावं लागेल, असं सांगितलं. तो पहाटे प्रीतिसंगमापर्यंत चालत जातो आता. संध्याकाळची भजी सोडली आहेत. त्याच्या बायकोने त्याच वहीच्या मागच्या पानापासून त्याच्या वजनाचा रकाना आखला आहे, आणि तीन महिन्यांनी दोघांची तपासणी एकाच दिवशी ठेवली आहे.